अर्देशीर कर्सेटजी वाडिया

अर्देशीर कर्सेटजी वाडिया (६ ऑक्टोबर १८०८, मुंबई – १६ नोव्हेंबर १८७७, रिचमंड, इंग्लंड) हे एकोणिसाव्या शतकातील भारतीय जहाजबांधणीतज्ज्ञ व बाष्पयंत्र अभियंते होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळविणारे ते पहिले भारतीय होत. २७ मे १८४१ रोजी त्यांची या संस्थेवर निवड झाली. त्यानंतर श्रीनिवास रामानुजन या दुसऱ्या भारतीयाची निवड होण्यास १९१८ साल उजाडावे लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक म्हणून अर्देशीर यांनी १८४१ ते १८५७ या काळात काम केले. शिडाची सागवानी जहाजे मागे पडून आगबोटी पुढे येण्याचा हा संधिकाल होता. लवणाऱ्या लाकडी सांगाड्यात ताठ लोखंडी यंत्र बसवावयाचे आणि ते समुद्रावर चालते ठेवावयाचे, हा त्या काळातील आगबोटींपुढील एक मूलभूत प्रश्न होता.

== घराणे व बालपण ==

वाडिया घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी हे सुरतचे कसबी सुतार. १७३६ च्या सुमारास कंपनीने त्यांना जहाजबांधणीसाठी मुंबईस आणले. तेव्हापासून सुमारे दीडशे वर्षे मुंबईच्या गोदीतील मुख्य बांधकामप्रमुखाचे पद याच घराण्यात राहिले. ‘वाडिया’ हे आडनावही गोदीवाड्यावरूनच आले आहे.

या घराण्याची कीर्ती मुख्यत्वे सागवानावर उभी होती. मलबारच्या जंगलांतून येणारे सागवान तेलकट व टिकाऊ असे. समुद्राच्या पाण्यात ते लवकर कुजत नसे आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळे ओकाच्या लाकडातल्याप्रमाणे झपाट्याने गंजत नसत. त्यामुळे मुंबईत बांधलेली जहाजे ब्रिटिश नौदलात अनेक दशके सेवेत राहिली. जमशेटजी बमनजी यांनी बांधलेली ‘कॉर्नवॉलिस’ ही युद्धनौका १८१३ साली पाण्यात उतरली. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीन व ब्रिटन यांच्यातील नानकिंगच्या तहावर तिच्याच डेकवर सह्या झाल्या. १८१७ साली मुंबईत बांधलेली ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे.

अर्देशीर यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हे गोदीतील नामांकित बांधकामतज्ज्ञ होते. पुढे १८४४ पासून १८५७ पर्यंत मुख्य बांधकामप्रमुखाचे पद त्यांच्याकडे होते. घराण्याच्या रिवाजानुसार अर्देशीर १८२२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली गोदीत दाखल झाले. लाकडाची पारख, फळ्यांचे सांधे, तळाचा कणा व त्यावरच्या बरगड्यांची मांडणी हे सर्व शिक्षण त्यांना हत्यारे हाती धरूनच मिळाले. मात्र त्यांचे मन रमले ते बाष्पयंत्रात.

== बाष्पयंत्राचा ध्यास ==

अर्देशीर एकवीस वर्षांचे असताना, १८२९ साली, मुंबई गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट पाण्यात उतरली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझकडे निघाली. एडनपर्यंतचा लांबचा पल्ला गाठण्यासाठी तिच्यात मूळ योजनेपेक्षा कितीतरी अधिक कोळसा भरावा लागला होता. त्या भाराने बोट पाण्यात खोल बसली आणि तिच्या दोन्ही बाजूंची चाके वाजवीपेक्षा जास्त बुडाली. तरीही प्रवास पार पडला, आणि मुंबई व युरोप यांच्यातील टपाल सुएझमार्गे आगबोटीने नेता येईल हे सिद्ध झाले. मुंबईच्या गोदीला तेव्हापासून यंत्रे जाणणाऱ्या माणसांची निकड भासू लागली.

अर्देशीर यांनी स्वतःच्या खर्चाने यंत्रविद्येचा अभ्यास चालविला. माझगाव येथील आपल्या निवासस्थानी त्यांनी ओतकामाची व लोहारकामाची व्यवस्था उभारली. विहिरीचे पाणी उपसणारे एक लहान बाष्पयंत्रही त्यांनी तयार केले. १८३३ साली त्यांनी ‘इंडस’ नावाचे ६० टनांचे जहाज बांधून त्यात बाष्पयंत्र बसविले. १८३४ साली त्यांनी आपला माझगावचा बंगला व बाग वायूच्या दिव्यांनी उजळून दाखविली. मुंबईत वायूचे सार्वजनिक दिवे येण्यास त्या वेळी बराच अवकाश होता. गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी हा प्रयोग प्रत्यक्ष पाहिला. १८३७ साली ग्रेट ब्रिटन व आयर्लंडच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना अनिवासी सदस्य करून घेतले.

== इंग्लंडचा प्रवास व रॉयल सोसायटी ==

१८३९ साली अर्देशीर यांनी इंग्लंडला प्रयाण केले. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. प्रवासी आगबोटीने सुएझपर्यंत जात, इजिप्तची भूमी ओलांडत आणि अलेक्झांड्रियाहून पुन्हा जहाज धरीत. या प्रवासाची अर्देशीर यांची दैनंदिनी १८४० साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांच्याच घराण्यातील जहांगीर नवरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे तरुण जहाजबांधणीच्या शिक्षणासाठी आधीच तेथे पोहोचले होते.

इंग्लंडमध्ये त्यांनी बाष्पयंत्रे बनविणारे कारखाने व गोद्या पाहिल्या आणि सागरी यंत्रांचा अभ्यास केला. तेथील नौकानयनात त्या वेळी दोन मोठे बदल घडत होते. लाकडाच्या जागी लोखंडाचे सांगाडे येऊ लागले होते. आणि बाजूच्या चाकांऐवजी पाण्याखाली, जहाजाच्या मागच्या टोकाला बसविलेल्या मळसूत्री पंख्याचे प्रयोग सुरू झाले होते. पंख्यावर चालणाऱ्या ‘आर्किमिडीज’ या आगबोटीच्या चाचण्या १८३९ सालच्याच.

रॉयल सोसायटीवरील त्यांच्या निवडीच्या शिफारशीत जहाजबांधणीतील ज्ञान, ‘इंडस’ जहाज आणि मुंबईतील वायुदिव्यांचा प्रयोग यांचा उल्लेख होता. ही निवड झाली तेव्हा त्यांचे वय ३२ वर्षांचे होते.

== कारखान्याचे प्रमुखपद ==

१ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीर मुंबईच्या बाष्पयंत्र कारखान्याचे मुख्य अभियंता व यंत्रनिरीक्षक झाले. त्यांच्या हाताखाली एक मुख्य साहाय्यक, चार युरोपीय मुकादम, सुमारे शंभर युरोपीय अभियंते व बॉयलर कारागीर आणि सुमारे दोनशे देशी कारागीर होते. एवढ्या युरोपीय माणसांवर हिंदी अधिकारी नेमण्याचा हा प्रसंग त्या काळी अपूर्व होता. मुंबईतील इंग्रजी वृत्तपत्रातून या नेमणुकीवर टीका झाली. त्या टीकेचा रोख अर्देशीर यांच्या ज्ञानावर नव्हता. एतद्देशीय माणूस, मग तो कितीही शिकलेला असो, इंग्रज कामगारांना हुकूम देऊ शकणार नाही, असा तिचा आशय होता.

या टीकेस शब्दांनी उत्तर देण्याचे कारण उरले नाही. अर्देशीर सोळा वर्षे त्या पदावर राहिले. कंपनीच्या आगबोटी तांबड्या समुद्रात, इराणच्या आखातात व चीनपर्यंत जात आणि दुरुस्तीसाठी मुंबईस परतत. बॉयलरच्या गळक्या नळ्या, झिजलेली बेअरिंगे, तडा गेलेले शाफ्ट यांची डागडुजी करून बोट पुन्हा समुद्रात धाडणे हे कारखान्याचे रोजचे काम होते. यंत्र बंद पडले तर त्याचा जाब निरीक्षकाला द्यावा लागे. या कामातील मुख्य अडचण समजण्यासाठी जहाजाच्या सांगाड्याचे वर्तन थोडे समजून घ्यावे लागते.

== लवणारा सांगाडा व सरळ शाफ्ट ==

बैलगाडीचा आस वाकडा झाला की चाक डुगडुगते, घासते आणि बैलांवरचा भार वाढतो. मराठवाड्यातील कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यांत एका लांब शाफ्टवरून पट्ट्यांनी अनेक यंत्रे फिरत. त्या शाफ्टची सर्व बेअरिंगे एका रेषेत नसतील तर काही तापत व झिजत, आणि काहींवर भारच येत नसे. तेथे निदान जमीन तरी स्थिर असते. जहाजात शाफ्ट ज्या पायावर उभा असतो तो पायाच हलता असतो.

जहाज बाहेरून कितीही ताठ दिसले तरी ते एखाद्या लांब तुळईप्रमाणे वाकते. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की पुढचे व मागचे टोक निराधार होऊन खाली झुकते आणि जहाजाची पाठ उचलली जाते. दोन्ही टोके दोन लाटांवर टेकली व मध्याखाली लाटेचा खळगा आला की पोट खाली येते. लाट नसतानाही असे वाकणे चालूच असते. जहाजाची टोके निमुळती असल्याने त्यांना पाण्याचा आधार कमी मिळतो, आणि वजन मात्र तेथेही असतेच. आगबोटीत यंत्र, बॉयलर व कोळसा यांचा भार मध्यभागी असे. कोळशाची कोठारे भरलेली असताना बोटीचा आकार एक असे, ती रिती झाल्यावर दुसरा. डेकवर ऊन तापले, तळ मात्र गार पाण्यात राहिला, तरीही सांगाड्याला बाक येतो.

लाकडी जहाजात ही अडचण अधिकच वाढते. ते शेकडो तुकडे जोडून बनलेले असते आणि प्रत्येक सांधा थोडाथोडा सरकतो. जुन्या लाकडी जहाजांची पाठ कायमची उचललेली आढळे, ती यामुळेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये रॉबर्ट सेपिंग्ज यांनी बरगड्यांवर तिरपे आधार बसविण्याची पद्धत आणली आणि सांगाड्याचा ताठपणा वाढविला. तरी लाकूड ते लाकूडच.

अर्देशीर यांच्या कारकिर्दीतील मुंबईच्या बहुतेक आगबोटी बाजूच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. त्यांचा शाफ्ट जहाजाच्या रुंदीच्या दिशेने आडवा असे. जहाज मुख्यतः लांबीत वाकते, त्यामुळे आडव्या व आखूड शाफ्टला या वाकण्याचा त्रास तुलनेने कमी होई. मात्र चाकाचे वजनदार बाहेरचे टोक जहाजाच्या कडेबाहेरील तुळयांवर टेकलेले असे. कालांतराने तेथील बेअरिंग झिजे, तुळई दबे आणि चाकाचा शाफ्ट यंत्राच्या शाफ्टच्या रेषेतून खाली उतरे. म्हणूनच हे दोन शाफ्ट एकसंध न ठेवता भुजेच्या खिळीने जोडीत आणि त्या खिळीच्या जागी थोडी मोकळीक ठेवीत. रेष किंचित बिघडली तरी शाफ्ट तुटू नये, हा त्यामागचा हेतू होता.

पंख्याच्या आगबोटीने ही सवलत काढून घेतली. येथे शाफ्ट यंत्रापासून मागच्या टोकापर्यंत जहाजाच्या लांबीच्या दिशेनेच जातो. ज्या दिशेने सांगाडा वाकतो तीच शाफ्टचीही दिशा. वाटेत त्याला अनेक बेअरिंगांचा आधार दिलेला असतो. सांगाडा वाकला की काही बेअरिंगे उचलली जातात, काही खाली बसतात. उचललेल्या बेअरिंगवर सगळा भार येऊन ते तापते व शेजारचे रिकामे राहते. शाफ्ट फिरत असताना प्रत्येक फेऱ्यात एकदा एका बाजूला व एकदा दुसऱ्या बाजूला ताणला जातो. असे लाखो फेरे झाले की मजबूत लोखंडालाही तडा जातो. जेथे शाफ्ट सांगाडा भेदून समुद्रात जातो तेथील बेअरिंग पितळेचे असे आणि ते फार लवकर झिजे. १८५४ साली जॉन पेन यांनी तेथे ‘लिग्नम व्हायटी’ या अतिकठीण लाकडाच्या पट्ट्या बसविण्याची युक्ती काढली. समुद्राचे पाणीच त्यांना वंगणाचे काम करी. या साध्या सुधारणेमुळे पंख्याच्या आगबोटी लांबच्या सफरींना योग्य झाल्या.

जुन्या लाकडी जहाजांत पंखे बसविण्याचेही प्रयत्न झाले. मुंबईच्या ‘कॉर्नवॉलिस’ला वयाच्या चाळिशीनंतर, १८५५ साली, यंत्र व पंखा जोडण्यात आला. तथापि लांब, वेगवान व पंख्यावर चालणाऱ्या जहाजासाठी ताठ सांगाडा लागतो, आणि तो लोखंडच देऊ शकते, हे १८४३ साली पाण्यात उतरलेल्या ३२२ फूट लांबीच्या ‘ग्रेट ब्रिटन’ या लोखंडी जहाजाने आधीच दाखवून दिले होते.

== ‘लवजी फॅमिली’ व अमेरिकेची भेट ==

१८४९ साली अर्देशीर अमेरिकेस गेले. तेथील लाकूड कापण्याची यंत्रे त्यांना विशेष उपयुक्त वाटली व त्यांपैकी काही त्यांनी मुंबईस पाठविली. १८५१ साली त्यांची ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिचे सर्व भाग मुंबईतच, त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. विलायतेहून यंत्रे आणवून येथील सांगाड्यात बसविण्याची रीत सर्वमान्य असताना एका हिंदी अभियंत्याने सांगाडा व यंत्र ही दोन्ही येथेच घडविली, हे या बोटीचे महत्त्व होय. शिवणयंत्र, छायाचित्रण व विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याची कला मुंबईकरांस परिचित करून देण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते.

== निवृत्ती व कोटरीतील सेवा ==

१ ऑगस्ट १८५७ रोजी अर्देशीर सेवानिवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांच्या वडिलांनीही गोदीतील पद सोडले. पुढे १८६१ साली सिंधमधील कोटरी येथे सिंधू नदीतील आगबोट कंपनीच्या कार्यशाळेचे अधीक्षक अभियंता म्हणून त्यांनी पुन्हा काम पत्करले व १८६३ साली ते सोडले. त्यानंतरचे त्यांचे वास्तव्य मुख्यत्वे इंग्लंडमध्ये होते.

पारशी रिवाजानुसार त्यांचा विवाह आवाबाई यांच्याशी झाला होता. मरियन बार्बर या इंग्रज स्त्रीशीही त्यांचा दीर्घ सहवास होता व तिच्यापासून त्यांना अपत्ये झाली. त्यांचा वंश त्यामुळे भारत व इंग्लंड या दोन्ही देशांत विस्तारला. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी लंडनजवळील रिचमंड येथे त्यांचे निधन झाले.

== मूल्यमापन ==

अर्देशीर यांच्या जीवनात एक विसंगती दिसते. ज्या बाष्पयंत्राचा त्यांनी ध्यास घेतला, त्यानेच त्यांच्या घराण्याचा पिढीजात व्यवसाय संपविला. मोठ्या यंत्रांना लोखंडी सांगाडे हवे होते. लोखंड व कोळसा ब्रिटनमध्ये मुबलक होता. आणि मुंबईचे बळ सागवानात होते. कर्सेटजी रुस्तमजी यांच्या देखरेखीखाली १८५४ साली बांधलेल्या ‘पंजाब’ या चाकाच्या युद्धनौकेची कथा या दृष्टीने बोलकी आहे. १८६३ साली ती जॉन विलिस या इंग्रज जहाजमालकाने विकत घेतली. त्याने तिची यंत्रे काढून टाकली व ‘ट्वीड’ या नावाने ती शिडांवर चालविली. ती इतकी वेगवान ठरली की पुढे ‘कटी सार्क’ या प्रसिद्ध जहाजाच्या आराखड्यावर तिचा प्रभाव पडला. यंत्र निघून गेले, सागवानी सांगाडा मात्र टिकला. परंतु जगाचा व्यापार शिडांकडे परतणार नव्हता. १८८० च्या दशकात वाडिया घराण्याकडील गोदीचे प्रमुखपदही संपुष्टात आले.

हा बदल अर्देशीर यांनी घडविला नाही व ते तो थोपवूही शकत नव्हते. त्यांनी तो इतरांच्या आधी ओळखला आणि गोदीतील सुताराचा मुलगा बाष्पयंत्राचा जाणकार होऊ शकतो हे दाखवून दिले. संधी व भांडवल मिळाले असते तर लोखंडी जहाजांचे युगही मुंबईत सुरू झाले असते काय, हा प्रश्न त्यांच्या चरित्राशी निगडित आहे. ‘लवजी फॅमिली’ची बांधणी पाहता कौशल्याचा अभाव हे कारण दिसत नाही.

सांगाड्याचे लवणे व शाफ्टची रेष हा प्रश्न आजही संपलेला नाही. आधुनिक तेलवाहू जहाजांत तो नव्या रूपात उभा राहिला. यंत्रांची शक्ती वाढल्याने शाफ्ट जाड, आखूड व अधिक ताठ झाले. याउलट उच्च ताकदीच्या पोलादामुळे सांगाड्याचे पत्रे पातळ झाले व सांगाडा अधिक लवू लागला. म्हणून शाफ्टची अंतिम जुळणी कोरड्या गोदीत न उरकता जहाज पाण्यावर तरंगत असताना तपासली जाते. रिकामे व भरलेले जहाज, थंड व तापलेले यंत्र अशा निरनिराळ्या स्थितींत प्रत्येक बेअरिंगवर किती भार येतो याचे गणित केले जाते, आणि बेअरिंगे हेतुपुरस्सर किंचित वर-खाली बसविली जातात. भूमितीतील सरळ रेषेपेक्षा भाराची योग्य वाटणी महत्त्वाची, हे त्यामागील तत्त्व आहे.

अर्देशीर यांचा बंगला व ओतशाळा ज्या माझगावात होती, त्याच माझगावातील गोदीत स्वतंत्र भारताची ‘नीलगिरी’ ही युद्धनौका बांधली गेली व १९७२ साली नौदलात दाखल झाली. भारतीय टपाल खात्याने १९६९ साली अर्देशीर यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.